सुट्टीतलं घर आणि आईच्या डोक्यातली यादी

शाळेला सुट्टी लागून आठ-दहा दिवस झाले की एका ठरावीक तक्रारीचे फोन सुरू होतात. शब्द थोडेफार बदलतात, मजकूर तोच असतो: "मुलं दिवसभर घरात आहेत, घराला घरपण उरलेलं नाही, मी सारखी ओरडते आणि रात्री मुलं झोपली की मलाच वाईट वाटतं." बहुतेक जणी पुढे लगेच माफीही मागतात. एवढ्याशा गोष्टीसाठी समुपदेशकाचा वेळ घ्यायचा का, असा संकोच त्या आवाजात असतो.

मला ही गोष्ट एवढीशी वाटत नाही. पसाऱ्यावरून सुरू झालेलं बोलणं बघता बघता "तुला माझी किंमतच नाही" इथवर जातं, हे मी अनेक कुटुंबांत पाहिलं आहे. म्हणून एका कुटुंबाबरोबर काय झालं ते सविस्तर लिहिते आहे. त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

आई, वडील, अकरा वर्षांची मुलगी आणि सहा वर्षांचा मुलगा. दोघंही नोकरी करणारे. सुट्टीच्या काळापुरतं आईने घरून काम मागून घेतलं होतं. वडील सकाळी जात आणि संध्याकाळी परतत. पहिल्या भेटीला आई एकट्याच आल्या. बसल्या बसल्या त्यांनी फोन काढला आणि घराचे फोटो दाखवायला लागल्या. दिवाणखान्यात चादरींचा तंबू, त्यात उशा, कात्री, कागदाचे तुकडे. पलंगावर ओला टॉवेल. टीव्हीजवळ, खिडकीत, जिन्यावर, जिथे जागा दिसेल तिथे पाण्याचे अर्धे भरलेले पेले. "मॅडम, हे दुपारी चारचं आहे. दुपारी दोनला मी सगळं आवरलं होतं."

सुट्टीच्या सुरुवातीला त्यांनी एक तक्ता केला होता. कोणी कोणत्या वारी काय करायचं, रंगीत पेनांनी लिहून फ्रिजवर लावला होता. आठवडाभरही तो टिकला नाही. त्यांचा प्रश्न अगदी सरळ होता: "मुलांना शिस्त कशी लावू?"

मी त्यांना म्हटलं, शिस्तीचं नंतर बघू. आधी काल दुपारी तीन ते सहा या वेळात काय काय झालं, ते जसंच्या तसं सांगा. त्या सांगत गेल्या आणि माझ्या कागदावर एकच वाक्य पुन्हा पुन्हा उमटत गेलं: "आई, कुठे आहे?" चिकटपट्टी, चार्जर, बॅडमिंटनची फुलं, दुसरा मोजा, निळा रंग. प्रत्येक वेळी त्या कामावरून उठल्या होत्या किंवा बसल्या जागेवरून ओरडून उत्तर दिलं होतं. मीटिंग सुरू असतानाही. घरातली कोणती वस्तू कुठे आहे, ती कोणी घेतली, ती परत कुठे जायला हवी, हे सगळं फक्त त्यांच्या डोक्यात होतं. मुलं बेशिस्त होती म्हणून तक्ता पडला नव्हता. तक्ता वाचून कामाला लागायचं तरी प्रत्येक पावलाला आईला विचारावं लागत होतं आणि आई कामात होती.

इथे शाळेबद्दल थोडं बोलायला हवं. शाळेच्या दिवसात मुलांचा वेळ आणि वस्तू दोन्ही शाळा सांभाळत असते. घंटा वाजते, एका विषयाची वही आत जाते, दुसऱ्याची बाहेर येते. डब्याची वेळ ठरलेली, खेळाची ठरलेली, निघण्याची ठरलेली. सुट्टी लागते तेव्हा ही सगळी चौकट एका दिवसात निघून जाते. वस्तू बाहेर येतात, पण त्या आत जायला लावणारी घंटा घरात नसते. शिवाय जे घर एरवी दुपारभर बंद किंवा शांत असायचं, ते आता सकाळपासून रात्रीपर्यंत वापरात असतं. जास्त वापरलेलं घर जास्त वापरलेलं दिसणारच. एरवीची टापटीप सुट्टीतही तशीच हवी हा हट्ट धरला तर तो पुरा करण्यासाठी कोणाला तरी दिवसभर उभं राहावं लागेल. हे ऐकल्यावर त्या पहिल्यांदा खुर्चीत मागे टेकल्या.

"पण मला त्रास होतो त्याचं काय? हे म्हणतात, पसाऱ्याने काय होतं, मुलं आहेत, करणारच."

त्यांचा त्रास खरा होता. अमेरिकेत 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नोकरी करणाऱ्या 60 पती-पत्नींना आपापलं घर फिरून दाखवायला आणि त्याबद्दल बोलायला सांगितलं होतं. ज्या स्त्रियांच्या बोलण्यात पसारा, अर्धवट राहिलेली कामं असे उल्लेख जास्त होते, त्यांच्या शरीरातलं कॉर्टिसोल दिवसभरात जसं उतरायला हवं तसं उतरत नव्हतं आणि दिवस सरत जाईल तशी त्यांची मनःस्थितीही अधिक खालावत होती. हे संप्रेरक सकाळी जास्त असतं आणि संध्याकाळकडे कमी होत जातं; ताण राहिला की तो उतार मंदावू शकतो. पतींच्या बाबतीत असा संबंध तितकासा दिसला नाही. पसाऱ्यामुळेच ताण येतो हे यातून सिद्ध होत नाही, उलटही असू शकतं. पण एकाच खोलीत बसलेल्या दोघांपैकी एकाला पसारा दिसतो आणि दुसऱ्याला तो अंगावर येतो, हे मात्र यातून समजतं. मी त्यांना इतकंच म्हटलं की पुढच्या वेळी दोघं या.

वडील आले. मनाने चांगले, मुलांवर जीव असलेले आणि खरोखर गोंधळलेले. ते म्हणाले, "मी कधी नाही म्हणतो का? तिने फक्त सांगावं. मी लगेच करतो." आई बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "सांगणं हेच तर काम आहे."

या एका वाक्यावर आमचा तो सगळा तास गेला, आणि जायलाच हवा होता. घर चालवण्यातलं दिसणारं काम, म्हणजे उचलणं, धुणं, घड्या घालणं, वाटून घेता येतं. न दिसणारं काम वाटायचं राहून जातं. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका समाजशास्त्रीय अभ्यासात 35 जोडप्यांच्या मुलाखतींवरून या न दिसणाऱ्या कामाचे चार टप्पे मांडले होते: काय लागणार आहे हे आधीच ओळखणं, पर्याय शोधणं, निर्णय घेणं आणि ते नीट झालं का यावर लक्ष ठेवणं. निर्णय बरेचदा दोघं मिळून घेत होते. आधी ओळखणं आणि शेवटी लक्ष ठेवणं, ही दोन टोकं मात्र मुख्यतः बायकांच्या वाट्याला आली होती. मी हे चार टप्पे कागदावर लिहिले आणि वडिलांना विचारलं, मुलांचे धुतलेले कपडे कपाटात जाईपर्यंत यातलं कोण काय करतं? त्यांनी कागद पाहिला आणि प्रामाणिकपणे म्हणाले, "मी फक्त घड्या घालतो. तेही तिने ढीग समोर ठेवला तर."

मग त्यांनी कपड्यांचं अख्खं काम घेतलं. मळलेले कपडे कुठे पडलेत हे बघण्यापासून ते मुलांच्या कपाटात मोजे आहेत की संपले इथपर्यंत. मुलांची सकाळही त्यांनी घेतली: उठणं, अंथरुणं, अंघोळ, ओले टॉवेल. कामाला निघण्याआधीचा तो तास त्यांचा. "मदत करतो" हा शब्द आम्ही त्या दिवसापासून वापरायचा नाही असं ठरवलं, कारण मदत करणाऱ्याला कोणीतरी काम सांगावं लागतं.

अट आईंसाठी होती आणि ती जास्त कठीण होती. दिलेल्या कामात बघायचं नाही, सुचवायचं नाही, पुन्हा करायचं नाही. टॉवेलची घडी आडवी आली तर आडवी. पहिल्या आठवड्यात एका सकाळी धाकट्याला एकाच जोडीतले दोन मोजे मिळाले नाहीत. आईंना ते आदल्या रात्रीच माहीत होतं. नंतर त्यांनी मला सांगितलं की तोंडातून शब्द बाहेर पडू नये म्हणून त्या न्हाणीघराचं दार लावून आत उभ्या राहिल्या होत्या. बाहेर वडिलांनी मुलाला दोन वेगळे मोजे घातले, त्याला त्याची गंमत वाटली आणि त्या संध्याकाळी वडिलांनी आपणहून सगळे मोजे जुळवून ठेवले. आधी सांगितलं असतं तर मोजे मिळाले असते, पण लक्ष ठेवण्याचं काम आईकडेच राहिलं असतं.

मुलं तिसऱ्या भेटीला आली. मुलांना बोलवायचं म्हटलं की पालकांना वाटतं मी त्यांना चार गोष्टी समजावून सांगणार. मी त्यांना विचारण्यासाठी बोलावते. थोरलीला विचारलं, आवरायचा कंटाळा का येतो? ती पटकन म्हणाली, "आम्ही आवरलं तरी आई परत आवरते. मग आम्ही कशाला आवरायचं?" आणि थोडं थांबून, "आणि ती माझं अर्धं झालेलं मोडते."

पुठ्ठ्याचं एक शहर ती बनवत होती. रस्ते, पूल, दिव्यांचे खांब. त्याला दिवसच्या दिवस लागणार होते. रोज संध्याकाळी ते गोळा करून पिशवीत जायचं आणि सकाळी पूल वाकलेला असायचा. ती आता नवं काही सुरूच करत नव्हती, फोन घेऊन बसत होती. आईंचा चेहरा उतरला. त्यांना तो पसारा दिसत होता. ते काम आहे हे कोणी त्यांना सांगितलंच नव्हतं.

याबद्दल माझं मत ठाम आहे. दिवसांमागून दिवस चालणारा खेळ मुलांना फक्त सुट्टीतच मिळतो. शाळेच्या दिवसात तासाभरात गुंडाळावं लागतं. एखादी गोष्ट आज अर्धवट सोडायची, रात्री तिच्याबद्दल विचार करायचा, सकाळी तिथूनच पुढे न्यायची, यात चिकाटी असते, नियोजन असतं, चुका दुरुस्त करणं असतं. रोज रात्री घर चकचकीत करण्यासाठी हे मोडलं तर फार मोठी गोष्ट हातची जाते. म्हणून प्रत्येक घरात, जागा कितीही लहान असो, एक तरी पृष्ठभाग असा हवा की जिथलं काही मोडायचं नाही. टेबल असेल, पलंगाखाली सरकवता येईल अशी फळी असेल. या घरात खिडकीजवळचं टेबल ठरलं. तिथलं सामान टेबलाच्या कडेबाहेर आलं तर ते थोरलीने आत घ्यायचं, आणि कडेच्या आत आईने हात लावायचा नाही.

धाकट्याकडून मला वेगळीच गोष्ट कळली. त्याला म्हटलं, माझ्या खोलीतली ही खेळणी आवरून दाखव. त्याने दोन्ही हातांनी सगळं ढकलून कपाटाखाली सारलं आणि अभिमानाने उभा राहिला. त्याच्या दृष्टीने जमीन दिसली म्हणजे आवरलं. सहा वर्षांच्या मुलाला "खोली आवर" हे एक वाक्य दिलं तर त्यातली दहा छोटी कामं त्याला स्वतः शोधावी लागतात, क्रमाने लावावी लागतात आणि मध्ये एखादं आवडतं खेळणं हाती आलं तरी मूळ काम लक्षात ठेवावं लागतं. हे करणारा मेंदूचा पुढचा भाग विशीच्या मध्यापर्यंत घडत असतो. "सगळ्या गाड्या या डब्यात" एवढं सांगितलं तर तोच मुलगा आनंदाने करतो. त्यामुळे डब्यांवर चित्रं लागली, गाडीचं, ठोकळ्यांचं, रंगांचं. ती त्यानेच काढली. "कुठे आहे" आणि "कुठे ठेवू" या दोन्ही प्रश्नांची उत्तरं आईच्या डोक्यातून निघून डब्यांवर आली.

धाकट्याची व्याख्या मला इतकी पटली की दिवाणखान्यासाठी आम्ही तीच घेतली: जमीन मोकळी. सोफ्यावर पुस्तक राहिलं तर राहू दे, उशी वाकडी असू दे, जमिनीवर काही नको. ही व्याख्या चौघांनाही सारखीच दिसते, त्यामुळे "झालं", "नाही झालं" असा वाद उरत नाही. थोरलीनेही आई पुन्हा आवरणार नाही असं वचन घेतलं.

वेळा फक्त दोन ठेवल्या. दुपारी जेवायला बसण्याआधी आणि संध्याकाळी खेळायला बाहेर पडण्याआधी. घड्याळाची वेळ मुद्दाम दिली नाही. जे रोज होणारच आहे त्याला जोडलेलं काम लक्षात राहतं, आणि जेवण किंवा खेळ हे मुलं कधी विसरत नाहीत. दोन्ही वेळी जे कोणी घरी असेल त्या सगळ्यांनी पंधरा मिनिटं हात लावायचा, आईंनीही लॅपटॉप मिटायचा. या दोन वेळांच्या मधल्या काळात पसाऱ्याबद्दल कोणी कोणाला बोलायचं नाही. मुलांपेक्षा आईंना याचा जास्त उपयोग झाला. चार वाजता पसारा दिसला तरी तो सहाला जाणार आहे हे माहीत असलं की चारला ओरडावं लागत नाही.

बाकीच्या गोष्टी पटकन सांगते. पेल्यांऐवजी प्रत्येकाची एक बाटली. खेळण्यांपैकी निम्मी बंद खोक्यात, अधूनमधून अदलाबदल. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात 36 लहान मुलांना एकदा 4 आणि एकदा 16 खेळणी दिली होती. चारच असताना ती एकेका खेळण्याशी जास्त वेळ आणि जास्त तऱ्हांनी खेळली. ती मुलं दीड ते अडीच वर्षांची होती, म्हणून मोठ्या मुलांना ते जसंच्या तसं लावू नये. पण समोर कमी असलं की कमी सांडतं, याला प्रयोगाची गरज नाही.

बक्षिसाचा प्रश्न मात्र थांबून बोलण्यासारखा आहे, कारण तो प्रत्येक घरात येतो. वडिलांनी आधी "आवरलंस तर अर्धा तास जास्त मोबाईल" असं सुरू केलं होतं. दोन-तीन दिवस घर छान राहिलं. मग धाकटा प्रत्येक उचललेल्या वस्तूमागे विचारू लागला, "याचे किती मिनिटं?" 1973 मध्ये बालवाडीच्या मुलांवर झालेला एक प्रयोग मानसशास्त्रात खूप शिकवला जातो. चित्रं काढायची मुळातच आवड असलेल्या काही मुलांना आधी सांगून बक्षीस दिलं. पुढे मोकळ्या वेळेत हीच मुलं बाकीच्यांपेक्षा कमी वेळ चित्रं काढताना दिसली. शिवाय दीड वर्षाचं मूलसुद्धा मोठ्या माणसाच्या हातून पडलेली वस्तू कोणी न सांगता उचलून देतं, हेही प्रयोगांत दिसलं आहे. हात लावायची इच्छा मुलांमध्ये असतेच. घरातल्या वाट्याच्या कामाला मिनिटांचा किंवा पैशांचा दर लावू नये, असं मी पालकांना सांगते. मोबाईलच्या वेळा वेगळ्या ठरवाव्यात, आवरण्याशी त्यांचा संबंध ठेवू नये. शाबासकी जरूर द्यावी, तीही नेमकी: "तू पूल न मोडता जमीन मोकळी केलीस."

सगळं जमलं असं नाही. थोरलीची खोली आहे तशीच राहिली. माझं म्हणणं होतं की अकराव्या वर्षी स्वतःच्या खोलीचं दार मिटता आलं पाहिजे. ओलं आणि खाण्याचं काही आत राहू नये आणि दारापासून पलंगापर्यंत चालता यावं, एवढ्या दोन अटी पुरेत. आईंना हे आजही पटलेलं नाही. वडिलांना पटलं आहे. यावर त्यांच्यात अजून कधी कधी वाद होतो, पण तो आता खोलीबद्दलच असतो.

आणखी एक गोष्ट त्या सतत विचारत: "इतके दिवस झाले, अजून आठवण करून द्यावी लागते. म्हणजे सवय लागलीच नाही ना?" सवयींवरच्या एका नावाजलेल्या अभ्यासात, जो मोठ्या माणसांवर झाला होता, एखादी कृती आपोआप होऊ लागायला साधारण 66 दिवस लागल्याचं दिसलं, आणि माणसामाणसांतला फरक 18 पासून 254 दिवसांपर्यंत होता. बऱ्याचशा सुट्ट्या त्याआधीच संपतात. सहा वर्षांच्या मुलाला सुट्टीच्या शेवटीही आठवण करून द्यावी लागत असेल, तर त्यात कोणीही कमी पडलेलं नाही.

दोन ठिकाणी मात्र फक्त घराच्या व्यवस्थेवर थांबू नये. एखादं मूल घरी आणि शाळेतही, सहा महिन्यांहून जास्त काळ, सतत वस्तू हरवत असेल, सांगितलेलं अर्धवट सोडत असेल, एका जागी टिकत नसेल आणि त्याच्या वयाच्या इतर मुलांच्या मानाने हे बरंच जास्त असेल, तर लक्ष आणि अतिचंचलतेच्या अडचणीसाठी तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी. अशा मुलाला ओरडून काही होत नाही आणि तक्त्यानेही होत नाही. आणि आईचं किंवा वडिलांचं मन दोन आठवडे जवळजवळ रोज, दिवसाचा बराचसा वेळ, उदास राहत असेल, झोप-भूक बिघडली असेल, आवडत्या गोष्टीतही रस वाटत नसेल, तर पसारा हे कारण मानून बसू नये. डॉक्टरांना भेटावं.

शाळा सुरू व्हायच्या आठवड्यात हे दोघं शेवटचं भेटायला आले. दुपारची वेळ आता आपोआप जाईल, संध्याकाळची ठेवा, असं मी म्हटलं. कपडे वडिलांकडेच राहणार हे त्यांनीच सांगितलं. मग आईंनी विचारलं, "खिडकीजवळचं टेबल अभ्यासाला लागेल. ते शहर आता काढायचं का?" मी म्हटलं, हे मला विचारू नका, तिला विचारा. त्यांनी विचारलं. थोरलीने दोन रस्ते आणि एक पूल स्वतःहून काढून अर्धं टेबल मोकळं केलं, आणि उरलेलं अर्धं पुढच्या सुट्टीपर्यंत कोणी हलवायचं नाही असं कबूल करून घेतलं.